तवसाळची तर

सुखदेव,

शाळेत तुझी शोकसभा झाली. हेडमास्तरांनी मला बोलायला सांगितलं, कारण धाडच्या या शाळेत तुझ्यासोबत सगळ्यांत जास्त वर्षं मीच काढली. मी उभा राहिलो आणि म्हणालो की तायडे गुरुजी शांत स्वभावाचे होते, विद्यार्थ्यांचे आवडते होते, भूगोलात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती वाक्यं कुठल्याही मास्तराच्या शोकसभेत चालली असती. मग दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं होतं, आणि मला तेवढंही जमेना. मी मागच्या मागे बाहेर पडलो, पाण्याच्या टाकीपर्यंत गेलो आणि पाणी न पिताच परत आलो. पोरं बघत होती.

त्याला आता तीन आठवडे झाले. मला एका जागी बसवत नाही. वर्गात फळ्याकडून खिडकीकडे जातो, खिडकीकडून दाराकडे. जेवताना अर्ध्यातून उठतो. बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन निघालो, सगळा बाजार दोनदा फिरलो आणि रिकामी पिशवी घेऊन घरी आलो. बायको म्हणाली, "कुणी मागं लागल्यासारखं कामून करता?" मागं कुणी लागलेलं नाही. तुला एक सांगायचं होतं, ते सहा वर्षं सांगितलं नाही, आणि आता तू ऐकायला नाहीस.

आणि तू म्हणे शांत स्वभावाचा. तुला पन्नास मिनिटांचा तास कधी बसून घेता आला नाही. माझ्या आयुष्यातल्या ज्या थोड्या गोष्टी मी कुणाला सांगाव्यात अशा आहेत, त्या सगळ्या तू मला हाताला धरून उठवलंस म्हणून घडल्या.

तुला तो नकाशा आठवत असेल. आपल्या शाळेत आधी जो होता तो मध्य प्रदेशाचा. त्यात आपला बुलढाणा पार डाव्या कडेला चिकटलेला आणि समुद्राचा पत्ता नाही. मग महाराष्ट्र राज्य झालं, नवा नकाशा आला, आणि त्याची डावी कड वरपासून खालपर्यंत निळी. तू सातवीच्या वर्गात ती कड पोरांना छडीनं दाखवत होतास. शेवंता नावाची एक पोरगी उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, तुमी पाह्यला का समुद्र?"

मधल्या सुट्टीत तू माझ्याकडे आलास तो हातात छडी तशीच घेऊन. "सखाराम, मी दहा वर्षापासून पोरायले खोटं शिकवून राह्यलो," तू म्हणालास.

"खोटं कामून? पुस्तकात आहे तेच शिकवतोस ना."

"भरती मी पाह्यली नाही. खाडी पाह्यली नाही. लाट कशी फुटते तेही पाह्यलं नाही. अन् पोरायच्या परीक्षेत मार्क कापतो." मग लगेच, "दिवाळीच्या सुट्टीत जाऊ. पायी फिरू. तू येतं का?"

मी हो म्हणालो तेव्हा मला वाटलं की तू विसरशील. तू विसरला नाहीस. दिवाळी तुमच्या घरी दीक्षा घेतल्यापासून बंदच होती, तुला कुणाची समजूत काढायची नव्हती. मला मात्र दुसरबीडला वडलांना सांगावं लागलं की देशमुखांचा थोरला मुलगा यंदा लक्ष्मीपूजनाला घरी नसेल. कुणासोबत जातोस असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, शाळेतल्या एका मास्तरासोबत. नाव सांगितलं नाही. ते मला आता आठवतं. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मलकापूरहून आगगाडीनं मुंबई, आणि भाऊच्या धक्क्यावरून कोकणची बोट. दिवाळीला घरी निघालेल्या चाकरमान्यांनी डेक भरला होता. तासाभरात माझं डोकं गरगरायला लागलं आणि पुढचा सगळा दिवस मी कठड्याला धरून ओकत होतो. तू माझ्या कमरेला उपरणं बांधून दुसरं टोक आपल्या मनगटाला गुंडाळून बसलास. "डोळे मिटू नको बे. लांब पाह्य. ते डोंगर दिसतात ना, तिकडे पाह्य." लिंबाची फोड कुठून पैदा केलीस देव जाणे. ज्या समुद्रासाठी एवढ्या लांब आलास, त्याच्याकडे तू त्या दिवशी पाठ करून बसला होतास, माझ्याकडे तोंड करून. दाभोळ येईपर्यंत.

दाभोळच्या खाडीत बोट थांबली आणि माणसं उतरवून घ्यायला पडाव आले. त्या मोठ्या होडीत बसल्यावर तू पहिल्यांदा पाण्यात हात घातलास आणि बोट चाखलंस. "खारं हाये," तू अगदी गंभीरपणे म्हणालास. शेजारची बाई पदर तोंडाला लावून हसली.

तिथून आपण दक्षिणेकडे चालायला लागलो. सुखदेव, मी आजवर कुणाला नीट सांगू शकलो नाही तो मुलूख कसा होता. रस्ता नव्हताच म्हटलं तरी चालेल. एक डोंगर चढायचा, वर काळा कातळ, मैलच्या मैल, त्यावर वाळलेलं सोनेरी गवत आणि माणूस नाही. मग उतरायचं की खाली माड, पोफळी, दहा-वीस घरं आणि पुढं पाणी. मग पुन्हा चढ. मध्येच खाडी आडवी यायची आणि होडीवाल्याला हाका मारत बसावं लागायचं. आपल्याकडे घाटावरून खाली पाहिलं की शेतं दिसतात आणि शेताला बांध असतो. इथं नजर कुठं थांबवावी तेच कळत नव्हतं. मला त्याची पहिले दोन दिवस भीती वाटली. तुला सांगितलं नाही.

गुहागरला आलो. सुरूच्या झाडांतून बाहेर पडलो तर समोर नुसती वाळू, दोन्हीकडे संपेचना, आणि त्यावर आपल्या दोघांशिवाय कुणी नाही. मी म्हणालो, "किती सुंदर आहे."

"सुंदर म्हनू नको," तू म्हणालास. "सुंदर म्हटलं की मानूस पाहाचं थांबवते. नुसतं पाह्य."

यावरून आपण दोन दिवस भांडलो. मी म्हणत होतो की सुंदर गोष्टीला सुंदर म्हणायचं नाही तर काय म्हणायचं. तू म्हणत होतास की पोरायले मी वापस जाऊन 'सुंदर होता' सांगू का? त्यायच्या काय कामाचं? आणि तू सुरूच्या फांद्या तोडून वाळूत ओळीनं पुरल्यास, पाण्याच्या कडेपासून वरपर्यंत, दर दोन काठ्यांत दहा पावलं. भरती किती वेळात कुठवर येते ते पाहायला सकाळपासून तिथं बसलास. मला कंटाळा आला. मी उठायचो, चालून यायचो, चला म्हणायचो. जाळं शिवत बसलेला एक म्हातारा खारवी, मासेमारीवर जन्म काढलेला, तुला म्हणाला, "आवो, काठ्या कशाला पुरताव? मला इचारा ना. पानी कुठवर येतंय ता मी सांगतो."

तू म्हणालास, "बाबा, तुमी सांगसान ते खरंच हाये. पन पोरायले मी पाह्यलं असं सांगता आलं पायजे."

म्हातारा जाळं बाजूला ठेवून तुझ्याजवळ येऊन बसला. शेवटची काठी पाण्यात गेली तेव्हा तुम्ही दोघंही समाधानानं उठलात, जणू काही एक काम हातावेगळं केलं. मीच तेवढा बाहेरचा होतो. त्या दिवशी मला तुझा हेवा वाटला.

आता ते सांगतो, जे सांगायला बसलो आहे.

वेळणेश्वर मागे टाकून हेदवीला पोचलो. तिथं काळ्या खडकात एक अरुंद चीर आहे, भरतीच्या वेळी लाट तिच्यात शिरते, कोंडते आणि एकदम माडाएवढी उंच उसळते. तुला जवळून पाहायचं होतं. खडकाला कालवं चिकटलेली होती, शिंपलीची धार सुरीसारखी, आणि तू अनवाणी. टाचेपासून चवड्यापर्यंत पाय चिरला. मी उपरणं फाडून बांधलं, तेही भिजलं. एका बैलगाडीवाल्यानं दया करून आपल्याला तवसाळच्या अलीकडे कोसभरावर एका वाडीत आणून सोडलं. दिवस कलला होता. तुला पाऊल टेकवत नव्हतं आणि तुझं अंग तापलं होतं.

समोर एक घर होतं. चिऱ्यांचं, पुढं स्वच्छ सारवलेलं अंगण, तिकडे त्याला खळं म्हणतात, ओटीवर एक वयस्क गृहस्थ पंचा नेसून बसलेले. मी म्हणालो, आम्ही वऱ्हाडातले मास्तर, याचा पाय कापला, रात्रभर आसरा द्या. ते म्हणाले, "वऱ्हाड म्हणजे नागपुराकडे होय? बरं, बरं. आणि आपण कोण म्हणायचे?"

त्यांनी काय विचारलं ते आपल्या दोघांनाही कळलं. तू तोंड उघडलंस. मी तुझ्या आधी बोललो.

"देशमुख," मी म्हणालो. "दोघंही देशमुख. चुलतभाऊ आम्ही."

तू माझ्याकडे पाहिलंस. मी तुझ्याकडे पाहिलं नाही.

पुढचं सगळं चांगलं झालं, हेच तर अवघड आहे. घरातल्या आजी बाहेर आल्या, त्यांनी कढत पाणी आणलं, तुझा पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन धुतला, हळद भरली, जुन्या लुगड्याची पट्टी बांधली. तुला धाकटे देशमुख म्हणाल्या. भात, कुळथाचं पिठलं, वर तुपाची धार. "मास्तर, पोटभर जेवा हो, ताप उतरेल." तू चार घास खाल्लेस. मी दोनदा भात मागून घेतला. मला बरं वाटत होतं. माझ्या डोक्यात एवढंच होतं की मी तुझा पाय वाचवला.

सकाळी तुझा ताप उतरला होता. तू त्यांच्या पाया पडला नाहीस, हात जोडलेस. काठीच्या आधारानं आपण तवसाळपर्यंत आलो आणि तू सगळी वाट एक शब्द बोलला नाहीस. खाडी तिथं केवढी रुंद, समुद्रालाच मिळते. पलीकडे जयगड. माणसं ने-आण करणाऱ्या होडीला तिथं तर म्हणतात. ती पलीकडून यायची होती. आपण एका उलट्या घातलेल्या होडीला टेकून बसलो.

"तू मले इचारलं काऊन नाही?" तू म्हणालास.

"कधी इचारणार? तुझ्या पायातून रक्त चाललं होतं."

"पाय माहा होता. नाव बी माहंच होतं."

मी म्हणालो, "अरे, पण त्यांनी दारातून काढलं असतं तर?"

"तर काढलं असतं. पुढं गेलो असतो. नाही तर तिथंच झाडाखाली पडलो असतो. मले पहिल्यांदा काढलं असतं काय कोनी?" तू आवाज चढवला नव्हतास. "सखाराम, माह्या मायनं दीक्षा घेतली त्या दिवशी मले म्हटलं, आजपासून कोनी इचारलं तर मान वर करून सांगजो. मी सांगत आलो. शाळेत सांगितलं, तुह्या दुसरबीडात सांगितलं. काल पह्यल्यांदा माह्या वतीनं दुसऱ्यानं सांगितलं. अन् मी गप बसलो. मले तुह्याहून माहाच राग येऊन राह्यला."

"मी तुझ्या भल्यासाठी बोललो."

"तेच तर."

मला राग आला, सुखदेव. मी म्हणालो की तुला उपकाराची जाणीव नाही. हा शब्द मी वापरला, उपकार. तू उठलास. काठी घेतलीस.

"कुठं चालला?"

"त्यायच्या घरी. सांगून येतो."

"येडा झाला का? एक कोस आहे. पायाची टाके घालण्यासारखी दशा. आणि काय सांगशील? झालं ते झालं."

"त्या बाईनं माहा पाय मांडीवर घेतला. तिले मालूम पडाले पायजे कोनाचा होता ते." मग थोडं थांबून तू म्हणालास, "तू येतं का?"

तू मला दोनदा विचारलंस असं. एकदा छडी हातात घेऊन आणि एकदा हे. या वेळी मी मान हलवली. तू म्हणालास, "बरं. थांब मंग इथंच. मी येतो." आणि लंगडत निघालास.

मी थांबायचं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. थोडा वेळ बसलो. उठलो. वाळूत फिरलो. तू तिकडे काय बोलत असशील, ते काय बोलत असतील, तुला खळ्यातून हाकलत असतील, माझं नाव घेत असतील. आपण परत गेल्यावर ही गोष्ट गावात कळेल का, असंही मनात आलं. तेही लिहितो. तेवढ्यात तर आली. होडीवाला म्हणाला, "येताव काय? वारा सुटला तर दुपारपर्यंत पुढली खेप नाय." त्यानं नुसतं विचारलं होतं. आग्रह केला नव्हता. माझ्या अंगात मात्र असं काही उठलं की इथं आणखी एक क्षणही बसणं नको. मी दोघांच्या पिशव्या उचलल्या आणि होडीत चढलो.

अर्ध्या खाडीत मला कळलं की तुझी पिशवीही माझ्याजवळ आहे. त्यात तुझं पाणी होतं, गूळ-शेंगदाणे होते आणि पायाची जास्तीची पट्टी होती.

वारा खरंच सुटला. खाडीवर पांढऱ्या लाटा उठल्या आणि पुढची खेप झाली नाही. पलीकडे धक्क्याजवळ चहाचं एक दुकान होतं, तिथं मी बसलो, उठलो, किल्ल्यापर्यंत चढून गेलो, खाली आलो. डोळे ताणून पाहिलं तर पैलतीरावर माणसं मुंग्यांएवढी दिसत होती, त्यात तू कोणता ते कळत नव्हतं. दुपार टळल्यावर तर सुटली. तू तिच्यात होतास. उतरलास, माझ्याकडे आलास, तुझी पिशवी माझ्या खांद्यावरून काढून घेतलीस आणि पाणी प्यायलास. बराच वेळ प्यायलास.

मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "चाल. उजेड हाये तवर पुढं जाऊ."

तिकडे काय झालं ते मी विचारलं नाही. तू सांगितलं नाहीस. मी का थांबलो नाही ते तूही विचारलं नाहीस.

त्यानंतरचे पाच दिवस तू प्रत्येक दारात माझ्या आधी बोललास. "मी सुखदेव तायडे, बौद्ध आहे. हे सखाराम देशमुख. आम्ही शाळामास्तर." एका ठिकाणी दार लागलं. मालगुंडला एका शिक्षकानं शाळेची खोली उघडून दिली आणि घरून चटया आणल्या. एका ठिकाणी मला ओटीवर बोलावलं आणि तुला खळ्यात बस म्हणाले. तू हसलास आणि आपण दोघंही पुढं चालायला लागलो. दर वेळी मी तुझ्या मागे अर्धं पाऊल उभा असायचो. दर वेळी मला वाटायचं की आता बोलावं. गणपतीपुळ्याच्या पुढच्या चढावर आपण थांबलो तेव्हा खाली दोन बाजूंना दोन किनारे दिसत होते आणि पाण्यात काळ्या पाठी वर येऊन बुडत होत्या. तू ओरडलास, "सखा, पाह्य, मासे, केवढाले, उड्या मारून राह्यले." माझा दंड धरलास. त्या क्षणी तुझ्या मनात माझ्याविषयी काही नव्हतं, ना राग, ना माफी. नुसते मासे होते. आणि मी तिथंही गप्प राहिलो, कारण मला वाटलं, कशाला उगाच.

रत्नागिरीला एका बाजूची वाळू काळी आणि दुसऱ्या बाजूची पांढरी. तू दोन्हीच्या पुड्या बांधल्यास. आंबा घाटातून एस.टी. वर चढली तेव्हा तू शेवटच्या बाकावरून मागे वळून पाहत होतास आणि म्हणालास, "अर्धंच झालं बे. रत्नागिरीपासून खाली राह्यलं. पुढच्या दिवाळीले."

पुढच्या दिवाळीला मी म्हणालो की बहिणीचं बाळंतपण आहे. त्याच्या पुढच्या वर्षी विहिरीचं काम होतं. मग तूही विचारणं कमी केलंस. आपण एका डब्यात जेवत राहिलो, एका सायकलवर बुलढाण्याला जात राहिलो, आणि तू सातवीला समुद्र असा शिकवायचास की शेजारच्या वर्गात माझं गणित थांबायचं. काठ्यांची गोष्ट सांगायचास, म्हाताऱ्या खारव्याची सांगायचास. बोटीवर देशमुख गुरुजी कसे ओकले ते तर दर वर्षी. तवसाळचं कधी नाही. मी भिंतीपलीकडून ऐकायचो आणि हेदवी आली की उठून बाहेर जायचो.

मग तुला कावीळ झाली आणि बारा दिवसांत सगळं संपलं. शेवटच्या दोन दिवसांत मी तुझ्या खाटेशी होतो. तू शुद्धीवर होतास, बोलत होतास. मी मोसंबी सोलत होतो. तेव्हाही बोललो नाही.

काल रविवार. मी उंद्रीला गेलो, तुझ्या घरी. घरून निघताना कुठं जातोय ते मलाच नक्की नव्हतं. चिखलीला उतरलो, परतीच्या गाडीत बसलो, परत उतरलो आणि उंद्रीची गाडी धरली. सुमनवहिनी अंगणात तूर निवडत होत्या. माय भिंतीला टेकून उन्हात बसल्या होत्या. त्यांना आता फार कमी ऐकू येतं, तुला माहीतच आहे.

वहिनींनी बसायला पोतं टाकलं. म्हणाल्या, "भाऊजी, यायले अजून एकदा तुमच्यासंग समुद्रावर जायचं होतं. दवाखान्यात बी म्हणत होते, राह्यलेलं अर्धं पाहू म्हने."

मी उभाच होतो. म्हणालो, "वहिनी, तवसाळचं कधी बोलला होता का तो?"

"त्या म्हातारीचं? सांगितलं ना. कितीकदा सांगितलं." त्या निवडता निवडता बोलत होत्या. "हे गेले वापस. खळ्यात उभे राह्यले, वर नाही चढले. म्हटलं, मी देशमुख नाही, तायडे आहो, बौद्ध आहो, काल खोटं नाव सांगून तुमच्या घरी जेवलो. तो म्हातारा काही न बोलता उठला अन् घरात गेला. दार लावून घेतलं. हे वळले. तं मांगच्या दारानं म्हातारी आली, तांब्या घेऊन. म्हने, चाललात ते पट्टी सुटलीय बघा. तिथंच विहिरीजवळ बसवलं अन् फिरून पाय धुतला. पट्टी बांधली. हे म्हने, मले रडू आलं."

मी अंगणाच्या टोकापर्यंत जाऊन परत आलो.

"मंग तिनं इचारलं, तुमचा तो भाऊ कुठं आहे? यायनं सांगितलं, तिकडं खाडीवर बसला आहे, माही वाट पाहून राह्यला. भाऊच आहे तो, आजी, नाव तेवढं खोटं सांगितलं त्यानं." वहिनी हसल्या. "तुमी बिचारे दुपारपर्यंत तसेच बसले असान, उन्हातान्हात."

सुखदेव, तू वहिनींना सगळं सांगितलंस आणि एवढंच सांगितलं नाहीस. सहा वर्षं मला वाटत होतं की तू माझ्यापासून काही लपवलं आहेस. तू माझ्यासाठी लपवलं होतंस, स्वतःच्या बायकोपासून.

माझ्या मनात पहिला विचार काय आला तेही सांगतो. वाटलं की राहू द्यावं. तूच तसं ठेवलं आहेस, तर मी कोण मोडणारा. वहिनी चहा ठेवायला उठणार होत्या.

"मी बसलो नव्हतो, वहिनी," मी म्हणालो. "मी पलीकडे निघून गेलो होतो. तो परत आला तेव्हा तिथं कुणीच नव्हतं. त्याचं पाणीसुद्धा मी घेऊन गेलो होतो."

त्यांचा हात सुपात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. काय वाटलं त्यांना, मला सांगता येत नाही. मायनं भिंतीपासून मान पुढं काढली आणि विचारलं, "काय म्हनते गं तो मास्तर?"

"काही नाही, मामी," वहिनी सासूला मोठ्यानं म्हणाल्या. "समुद्राचं सांगून राह्यले."

मी पोतं उचललं, मायच्या जवळ नेऊन टाकलं आणि त्यांच्या कानाशी बसलो. नवा नकाशा आला तिथून सुरुवात केली. बोट सांगितली, तुझ्या मनगटाचं उपरणं सांगितलं, पाय सांगितला. मी काय नाव सांगितलं ते सांगितलं. वहिनी सूप मांडीवर तसंच धरून ऐकत होत्या. तवसाळची तर आली, मी एकटाच तिच्यात चढलो, हे मोठ्या आवाजात दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा मायला ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा आलं.

मायनं विचारलं, "मंग तो आला का पल्याड?"

"आला, माय," मी म्हणालो. "दुपार टळल्यावर आला."